छावणीचे पाणी

(एस. वाय. बी. ए.)

माझे थोरले मामा लष्करात होते. हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते गावी आले त्याला आता बरीच वर्षे झाली. पण अजूनही दर दिवाळीला ते अंगणातल्या तुळशीभोवतीचे दगड चुन्याने रंगवतात. लहानपणी त्यांच्या तोंडून छावणीचे वर्णन ऐकताना मला वाटे, स्वर्ग म्हणतात तो असाच असेल. सरळ रेषेत लावलेली झाडे, झाडून काढलेले रस्ते, वाळके पान दिसेल तर शपथ, आणि नळाला चोवीस तास पाणी! उन्हाळ्यात आई आणि मी आडावर पाळी लावून उभ्या असायच्या, त्यामुळे या शेवटच्या गोष्टीचेच मला सर्वांत अप्रूप वाटे.

गेल्या वर्षी भूगोलाच्या सरांनी वर्गातल्या प्रत्येकाला जगातील कोणत्या तरी एका ठिकाणच्या भूजलावर टिपण करावयास सांगितले. कोणी राजस्थान घेतले, कोणी इस्रायल. मी म्हटले, आपण एखादा लष्करी तळ घेऊ. पाण्याची तिथल्यासारखी शिस्त दुसरीकडे कुठे असणार? ग्रंथालयातल्या संगणकावर शोधाशोध केली आणि जे हाती लागले ते इंग्रजीत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शब्दकोश मांडीवर घेतल्याशिवाय इंग्रजी अहवाल मला वाचता येत नाही. पण तो वाचला, आणि वाचून झाल्यावर दोन दिवस मी मामांशी बोलायचे टाळले. त्या टिपणाचाच हा वाढवलेला लेख आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. तेथे जॅक्सनव्हिल शहरालगत, न्यू या नावाच्या नदीच्या मुखाशी, अमेरिकेच्या मरीन कोअरने १९४१ साली एक तळ उभारावयास घेतला. समुद्रमार्गे जाऊन शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणारे सैन्य ते मरीन. या तळाचे नाव कँप लेजून. तळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तंबू आणि तोफा येतात. पण हे एक मोठे गावच होते. सैनिक, त्यांच्या बायका, मुले, नागरी कामगार, इस्पितळ, शाळा, वाहनांच्या कर्मशाळा, इंधनाच्या टाक्या, सारे एका कुंपणात. कुटुंबांच्या एका वसाहतीचे नाव टारावा टेरेस. पॅसिफिक महासागरात १९४३ साली टारावाची लढाई झाली, तिच्या स्मरणार्थ हे नाव दिलेले.

या गावाला पाणी मिळे ते जमिनीतून. तळावर जागोजागी कूपनलिका होत्या. त्यांचे पाणी शुद्धीकरण केंद्रात एकत्र होई आणि तेथून घरोघर जाई. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात पाणी भेगांतून आणि सांध्यांतून फिरते, हे आपण पहिल्या वर्षी शिकलो. तिथली किनाऱ्याची जमीन निराळी. वर वाळू आणि खाली चुनखडीचा पाणी धरणारा थर. वाळूवर जे सांडते ते फार अडथळा न होता खाली जाते. पाण्यापेक्षा हलका पदार्थ असेल तर तो पाण्यावर तरंगत राहतो, पेट्रोलमधील बेंझिन हे त्याचे उदाहरण. पण पाण्यापेक्षा जड द्रव असेल तर तो बुडत बुडत थेट खाली जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षे थोडाथोडा विरघळत राहतो.

असे दोन जड द्रव या गोष्टीतले मुख्य खलनायक आहेत. त्यांची नावे जिभेला वळण देणारी: ट्रायक्लोरोएथिलीन आणि टेट्राक्लोरोएथिलीन. पहिला वापरतात यंत्रांच्या सुट्या भागांवरचे तेल आणि ग्रीस काढायला. दुसरा वापरतात कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला. म्हणजे दोन्ही वस्तू घाण करण्याच्या नव्हेत, साफ करण्याच्या आहेत! मामांच्या छावणीतील चकचकीत बुटांची, इस्त्रीच्या गणवेशाची आणि तेल पुसलेल्या हत्यारांची मला एकदम आठवण झाली. ज्या टापटिपीचे आपण इतके कौतुक करतो, त्या टापटिपीतून उरलेले पाणी, फडकी आणि गाळ कुठे जातो हे मी तरी कधी विचारले नव्हते.

टारावा टेरेसचे पाणी बिघडले ते तळाच्या कुंपणाबाहेरच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानामुळे. एबीसी वन-अवर क्लीनर्स हे त्याचे नाव. दुकानातील द्रव शोषखड्ड्यावाटे जमिनीत जाई. इतकेच नव्हे तर यंत्रात उरलेल्या गाळाने दुकानाजवळच्या वाटेवरचे खड्डेही बुजवले जात. तळाची एक कूपनलिका या दुकानापासून हाकेच्या अंतरावर होती. दुसरे केंद्र हॅडनॉट पॉइंटचे. तिथे मात्र बाहेरच्या कोणाला दोष देण्याची सोय नाही. तिथले प्रदूषण तळाच्या स्वतःच्या कर्मशाळांचे, टाकाऊ माल पुरण्याच्या जागांचे आणि गळणाऱ्या भूमिगत टाक्यांचे होते.

आता थोडे गणित. मी कला शाखेची, तेव्हा विज्ञानाच्या मित्रांनी चूक असल्यास सांगावी. पिण्याच्या पाण्यात या द्रवांची मर्यादा अमेरिकेत पुढे ठरली ती एका अब्जात ५ भाग, म्हणजे एका लिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम. आकडा डोळ्यांपुढे येईना, म्हणून मी आमच्या परसातले २०० लिटरचे पिंप घेतले. त्या पिंपात मर्यादा झाली १ मिलिग्रॅम. ट्रायक्लोरोएथिलीनचा एक साधा थेंब सुमारे ७० मिलिग्रॅम भरतो. म्हणजे एकच थेंब ७० पिंपे पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो. आमच्या गावाला उन्हाळ्यात येतो त्या टँकरहून ते पाणी जास्त आहे. हॅडनॉट पॉइंटच्या नळाच्या पाण्यात १९८२ च्या मे महिन्यात हा द्रव सापडला तो एका अब्जात १४०० भाग, मर्यादेच्या २८० पट. टारावा टेरेसच्या पाण्यात दुसरा द्रव १९८५ साली २१५ भाग सापडला, म्हणजे ४३ पट. हॅडनॉट पॉइंटच्या एका कूपनलिकेत तर १८,९०० चा आकडा आहे. तो मी तीनदा वाचला, मला वाटले छपाईची चूक असावी.

आणि या पाण्याला रंग नव्हता. ते उकळले तर द्रव वाफेबरोबर हवेत येतो. म्हणून गरम पाण्याने आंघोळ करणाराही तो श्वासातून घेत होता. ‘पाणी उकळून प्या’ या आपल्या नेहमीच्या उपदेशाचा इथे फारसा उपयोग नाही.

आणखी एक बाब माझ्या लक्षात उशिरा आली. सगळ्या कूपनलिका एकाच वेळी चालत नसत, पाळीपाळीने चालत. ज्या दिवशी खराब कूपनलिका बंद त्या दिवशी नळाचे पाणी बरे, चालू असेल त्या दिवशी वाईट. त्यामुळे एका दिवसाचा नमुना स्वच्छ निघाला म्हणून पाणी स्वच्छ, असे म्हणता येत नव्हते.

मग हे कळले कसे? योगायोगाने. पाण्यात क्लोरीन टाकल्यावर काही उपपदार्थ तयार होतात, त्यांच्या तपासणीचा नवा नियम अमेरिकेत आला होता. त्यासाठी १९८० च्या अखेरीस लष्कराच्याच प्रयोगशाळेने लेजूनच्या पाण्याची तपासणी सुरू केली. उपपदार्थ मोजताना मध्येच दुसरे काही तरी लुडबुड करू लागले. १९८१ च्या सुरुवातीला तपासणाऱ्याने अहवालाच्या कागदावर हाताने लिहून ठेवले, की या पाण्यात क्लोरीनयुक्त द्रावके फार मोठ्या प्रमाणात आहेत. आणि वाक्याच्या शेवटी त्याने उद्गारचिन्ह दिले. सरकारी तक्त्यावर उद्गारचिन्ह! मला त्या माणसाविषयी आदर वाटतो. १९८२ साली ग्रेंजर नावाच्या खाजगी प्रयोगशाळेने ते द्रव कोणते हे नावानिशी सांगितले. आधी तोंडी, मग ऑगस्टमध्ये पत्राने.

खराब कूपनलिका बंद होऊ लागल्या १९८४ च्या नोव्हेंबरअखेर. बहुतेक सगळ्या बंद झाल्या १९८५ च्या फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे उद्गारचिन्हापासून कुलपापर्यंत जवळजवळ चार वर्षे.

तळाच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो मांडला नाही तर लेख एकांगी होईल. त्या काळी या द्रवांसाठी पाण्यातील कायदेशीर मर्यादा अस्तित्वात नव्हती. पहिल्या द्रवाची मर्यादा लागू झाली १९८९ साली, दुसऱ्याची त्यानंतर. नियम मोडला असे म्हणायला नियमच नव्हता. हे खरे आहे. पण आमच्या आडात मेलेले कुत्रे सापडले तेव्हा आईने पाणी भरायचे थांबवले, ते कायदा पाहून नव्हे.

१९८५ च्या जानेवारीत तर विचित्रच प्रकार घडला. हॉलकोंब बुलेव्हार्ड नावाचे तिसरे केंद्र होते, त्याचे पाणी चांगले होते. तिथे इंधनाची गळती झाली, म्हणून ते केंद्र काही दिवस बंद ठेवून तिकडच्या वस्तीला हॅडनॉट पॉइंटचे पाणी सोडण्यात आले. त्या दिवसांत तळावरच्या एका प्राथमिक शाळेतील पाण्याचा नमुना घेतला. मर्यादेच्या दोनशे पटींहून अधिक द्रव निघाला. शाळेचा नळ! डबा खाऊन झाल्यावर मुले ओंजळ करून पाणी कशी पितात ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

एप्रिल १९८५ मध्ये टारावा टेरेसच्या रहिवाशांना तळाच्या प्रमुखांनी एक सूचनापत्र दिले. काही सेंद्रिय रसायने ‘ट्रेस’ प्रमाणात आढळल्यामुळे दोन कूपनलिका बंद केल्या आहेत, पाणी जपून वापरावे, असा त्याचा आशय. ‘ट्रेस’ हा शब्द मी शब्दकोशात पाहिला. एक अर्थ अंश, लेश. दुसरा अर्थ माग, खूण. ज्यांनी पत्र लिहिले त्यांना पहिला अर्थ अभिप्रेत होता. दुसऱ्या अर्थाने तो शब्द वाचणारा माणूस पुढे बारा वर्षांनी भेटला.

त्याचे नाव जेरी एन्समिंगर. मरीन कोअरमध्ये चोवीस वर्षे नोकरी करून मास्टर सार्जंट या हुद्द्यावर तो निवृत्त झाला. त्याच्या चार मुलींपैकी जेनी हिचा गर्भ राहिला तेव्हा कुटुंब कँप लेजूनवर राहत होते. सहा वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला; १९८५ च्या सप्टेंबरात नऊ वर्षांची होऊन ती गेली. आपल्याच मुलीला हे का झाले, घराण्यात तर कोणाला नव्हते, या प्रश्नाचे उत्तर तो शोधत राहिला. १९९७ साली एका संध्याकाळी जेवणाचे ताट हातात घेऊन तो दूरदर्शनसमोर आला आणि बातमीत लेजूनच्या पाण्याविषयी, त्या पाण्याचा मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशी संबंध असू शकतो याविषयी ऐकले. कूपनलिका बंद होऊन बारा वर्षे झाली होती. मुलगी जाऊनही बारा वर्षे.

इतकी वर्षे कोणाला संशय कसा आला नाही? लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सैनिकाची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. आमच्या गावात एका आळीत चार माणसे एकाच दुखण्याने आजारी पडली तर पाराखाली चर्चा होते. लेजूनला राहिलेली बाई कॅलिफोर्नियात आजारी पडली, तिची शेजारीण टेक्ससमध्ये, तिसरीचे मूल जर्मनीत जन्मले. या तिघींची गाठ कोण घालणार? हे पाणी १९५३ पासून १९८७ पर्यंत दहा लाखांपर्यंत माणसांच्या वापरात आले असावे असा अंदाज आहे, आणि ती माणसे देशभर पांगली होती. आजार पुराव्यासकट बदलीवर जात होता.

ही गाठ एन्समिंगरने आणि त्याच्यासारख्या इतरांनी कागदांवरून घातली. माइक पार्टेन हा त्यातला दुसरा. तो १९६८ साली तळावरच जन्मला आणि २००७ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याला स्तनाचा कर्करोग झाला. पुरुषांत हा रोग फार दुर्मिळ आहे. त्याने लेजूनशी संबंध असलेले असे आणखी पुरुष शोधले. त्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली. दोघांनी मिळून हजारो सरकारी कागद वाचले, त्यांना तारखा लावल्या, कोणाला काय कधी कळले याची जंत्री केली. दोघांपैकी रसायनशास्त्रज्ञ कोणीच नव्हता.

कागद वाचण्याने काय होते याचे एक उदाहरण देते. सरकारी आरोग्य संस्थेने नव्वदच्या दशकात या पाण्याचा बाळांवर होणारा परिणाम अभ्यासला. दूषित पाणी प्यालेल्या मातांची तुलना हॉलकोंब बुलेव्हार्डच्या ‘चांगले पाणी’ प्यालेल्या मातांशी केली. पुढे उघड झाले, की हॉलकोंब बुलेव्हार्डचे केंद्रच मुळी १९७२ साली सुरू झाले. त्याआधी त्या वस्तीला हॅडनॉट पॉइंटचेच पाणी होते! म्हणजे ज्यांना निरोगी तुलनेसाठी धरले त्यांतल्या कितीतरी जणी तेच पाणी प्यालेल्या. एका तारखेने सगळा अभ्यास डळमळला. त्याच संस्थेने १९९७ चा आपला आरोग्य-अहवाल २००९ साली मागे घेतला, कारण त्यात बेंझिनची दखल पुरेशी घेतलेली नव्हती. चूक कबूल करून अहवाल मागे घेणे ही गोष्ट मला तरी मोठेपणाची वाटते.

नंतरचे अभ्यास जास्त पक्के झाले. कॅलिफोर्नियातील कँप पेंडल्टन येथे नोकरी केलेल्या मरीन सैनिकांशी तुलना केली. तेच वय, तीच कवायत, फक्त पाणी वेगळे. २०१४ च्या अभ्यासात लेजूनच्या सैनिकांमध्ये कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे १० टक्के अधिक आढळले, मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे ३५ टक्के. हे सरासरीचे बोलणे आहे. अमुक एका माणसाचा रोग पाण्यानेच झाला की नाही हे या आकड्यांवरून सांगता येत नाही, आणि न्यायालयात नेमके तेच विचारले जाते.

न्यायालयाची कथा थोडक्यात सांगते. नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्यात दहा वर्षांनंतर असा दावाच लावता येत नसे. विष जमिनीत उतरायला, माणसात मुरायला आणि रोग म्हणून वर यायला तीस वर्षे घेते, आणि कायद्याचे दार दहा वर्षांत बंद! २०१६ साली अटलांटा येथील न्यायालयाने दावे फेटाळले. त्याआधी २०१२ मध्ये जेनीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला, त्याने काही रोगांवरील उपचारांची सोय झाली. नुकसानभरपाई मागण्याचे दार उघडले ते १० ऑगस्ट २०२२ रोजी, अध्यक्ष बायडेन यांनी सही केलेल्या कायद्याने. अर्ज करण्याची मुदत संपली तेव्हा नौदलाकडे चार लाखांहून अधिक अर्ज आले होते.

लेजून हे एकच ठिकाण नाही. अमेरिकेत सर्वाधिक दूषित जागांची जी राष्ट्रीय यादी आहे तीत लेजूनचा समावेश १९८९ साली झाला, आणि त्या यादीत शंभरावर जागा लष्कराच्या आहेत. अलीकडे विमानतळांवर आग विझवण्याच्या सरावात वापरलेल्या फेसाचा प्रश्न पुढे आला आहे. त्यातील रसायने मातीतून भूजलात उतरतात आणि सहसा विघटन पावत नाहीत. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

टिपण पूर्ण झाल्यावर मी ते मामांना वाचून दाखवले. ते पायरीवर बसून ऐकत होते. मध्ये एकदाच बोलले, “फौजेत पाणी आलं की प्यायचं, पोरी. कुठून आलं ते विचारत नाहीत. आणि विचारायचं तरी कुणाला?” शाळेच्या नळाचा भाग आला तेव्हा मामी आतून चूल सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. मामांच्या नोकरीत त्याही तीन ठिकाणी छावणीच्या क्वार्टरमध्ये राहिल्या होत्या, दोन्ही मुले लहान असताना.

वाचून संपले. मामांनी विचारले, “मास्टर सार्जंट म्हणजे आपल्याकडचा कोण गं?”

मी म्हटले, “नक्की नाही सांगता येत, मामा. हवालदार-मेजरच्या जवळपास धरा.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते उद्गारचिन्हवाल्याचं परत वाच.” मी पान उलटून पुन्हा वाचू लागले.